कॅम्परव्हॅनमागे ट्रेलरवर जुनी फियाट न्यायची आहे, खडीपासून कशी वाचवू?

बार्देशकर
नमस्कार मंडळी. बाबांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी (घरात सगळे फियाटच म्हणतो) म्हापशाहून पुण्याला न्यायची आहे. मे महिन्यात भाचीचं लग्न आहे आणि मांडवात यायचं ते आजोबांच्याच गाडीतून, असा तिचा हट्ट आहे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. हा हट्ट मोडणं माझ्याच्याने होणार नाही.

इंजिन सुरू आहे, पण घाट चढून साडेचारशे किलोमीटर धावायचं तिचं वय राहिलं नाही. आमच्याकडे मिनीबसवर बांधून घेतलेली कॅम्परव्हॅन आहे, मागे जोड चाकं. मित्र त्याचा दोन आसांचा उघडा ट्रेलर देतोय. ब्रेक आहे, नोंदणीही आहे. वजन आणि हूक यांचं आरटीओत विचारून झालंय.

काळजी आहे ती रंगाची. गेल्या वर्षी रंगकाम करून घेतलं आणि एका वाहतूकदाराच्या उघड्या गाडीवरून ती घरी आणली. बॉनेटच्या पुढच्या कडेवर अकरा टवके. मोहरीएवढे होते म्हणून दुर्लक्ष केलं. पावसाळा सरला तेव्हा प्रत्येक टवक्याभोवती तांबूस कडं आलं होतं आणि बोट फिरवलं की रंग कागदासारखा उचलला जायचा. आमच्या खाऱ्या हवेत पत्रा उघडा पडला की संपलंच. पुन्हा तसं व्हायला नको. कव्हर घालू, फिल्म लावू की गाडी उलटी चढवू?

रानवाट
सरळ पीपीएफ लावून घ्या. जाड पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म असते, बारीक खडीचा मार स्वतःवर घेते. पूर्ण गाडीला नको. बॉनेटचा पुढचा भाग, फेंडरची टोकं आणि आरसे एवढं पुरे. वरून कव्हर बांधलं की झालं.

पेडण्याची सून
कव्हर नको! कळवळून सांगते. आम्ही सासऱ्यांची जीप टेम्पोवर चढवून ताडपत्रीत गुंडाळून बेळगावहून आणली. सुंभाने घट्ट आवळली होती, गाठी मी स्वतः तपासल्या होत्या. अनमोडला चहाला थांबलो तोवर एक कोपरा सुटून फडफडत होता. घरी येऊन बघते तर उजव्या फेंडरवर तळहाताएवढा भाग घासून खालचा राखाडी प्रायमर दिसत होता. ताडपत्री आणि रंग यांच्या मधे धूळ शिरते आणि वाऱ्याने ती वाटभर पॉलिश पेपरसारखी फिरत राहते. दगडाने टिंबं पडली असती, ताडपत्रीने पट्टाच काढला.

फिल्मबद्दलही एक. रंग ज्यांच्याकडे केला त्यांना विचारा की खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) किती भरली आहे. जुन्या पत्र्यावर लांबी भरून केलेला रंग कंपनीच्या रंगाइतका धरून बसत नाही. फिल्म काढताना तो सोबत निघून येऊ शकतो.

टिपरवाला, सावर्डे
बार्देशकरभाऊ, मी वीस वर्षं खनिजाचे टिपर चालवले. २०१२ ला खाणी थांबल्या तेव्हा एक विकला, २०१८ च्या मार्चात परत थांबल्या तेव्हा उरलेला. दगड कसा उडतो ते रोज बघितलंय, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुम्ही सगळे फियाट झाकायच्या मागे आहात. आधी दगड सुटतो कुठून ते बघा. समोरच्या ट्रकचा दगड तुमच्या कॅम्परच्या काचेला लागेल, मागच्या ट्रेलरपर्यंत तो क्वचितच पोचतो. फियाटला बसणारा बहुतेक दगड तुमच्याच मागच्या चाकांतून निघतो. तिथेच तो अडवायचा.

पहिलं काम फुकटचं आहे. जोड चाकांच्या दोन टायरांमधे टॉर्च मारून बघा. कच्च्या रस्त्यावरून आलेल्या गाडीत तिथे लिंबाएवढा दगड अडकून बसतो. हळू चालताना बसलेला असतो, वेग घेतला की गोफणीतून सुटावा तसा मागे जातो. टॉमी (लोखंडी कांब) घालून काढून टाका. प्रत्येक थांब्यावर बघा, विशेषतः कच्च्यातून डांबरीवर चढल्यावर.

दुसरं, मडफ्लॅप, म्हणजे चाकामागे लोंबणारं रबर. मिनीबसला लावून येतात ते पातळ असतात, साठच्या वेगाला वाऱ्याने मागे उचलले जातात आणि दगड खालून निसटतो. आम्ही खाणीवरचा जुना कन्व्हेयर पट्टा कापून लावायचो. आत कापडाचे थर असल्याने तो फाटत नाही आणि वजनाने सरळ लोंबतो. खालच्या कडेला लोखंडी पट्टी बोल्टने आवळा. गाडी भरलेली असताना जमिनीपासून चार-पाच इंच वर ठेवा. त्याहून खाली आणलात तर स्पीडब्रेकरवर घासून उपटेल. फक्त चाकांमागे नको, दोन चाकांच्या मधल्या जागेतही तसाच तुकडा लावा, म्हणजे आडवी सलग भिंत होते. सायलेन्सरचा पाइप जिथे येतो तिथे खाच कापा, नाहीतर रबर जळेल आणि वास आत येईल.

डिचोली ते डॅलस
टिपरवालेदादांचा मुद्दा लाख मोलाचा आहे. मी दहा वर्षं टेक्सासात होते. तिकडे मोटरहोममागे छोटी गाडी चारही चाकांवर ओढत नेणं अगदी नेहमीचं. आपल्याकडे चालू गाडी अशी बांधून न्यायला नियमात मुभा नाही, ती बंद पडलेल्या गाडीपुरती. म्हणून तुमचा ट्रेलरच बरोबर.

तिकडचे लोक यासाठी बरेच प्रकार करतात. गाडीच्या नाकावर व्हिनाइलचं कव्हर चढवतात, त्याखाली बारीक वाळू शिरली की पेडण्याच्या ताईंनी सांगितलं तेच होतं. मोटरहोमच्या मागे पूर्ण रुंदीचा रबरी पडदा लावतात. तिकडच्या मोठ्या डिझेल मोटरहोमचं इंजिन मागे असतं, त्यामुळे काहींना इंजिन तापायचा त्रास होतो. तुमचं इंजिन पुढे, तो प्रश्नच नाही. मला सगळ्यात पटला तो तिसरा प्रकार: दोन गाड्यांच्या मधे तिरकी ताणलेली जाळी. गाडीला न शिवता दगड अडवते.

तुमच्याकडे ट्रेलरची लोखंडी चौकट आहे, म्हणजे जाळीपेक्षा पक्कं काही बसवता येईल. पुढच्या बाजूला प्लायची फळी उभी करा, वरचं टोक फियाटच्या बाजूला झुकलेलं. नुसत्या प्लायवरून दगड उसळून कॅम्परच्या मागच्या काचेवर येईल, म्हणून पुढून काथ्याची जाड चटई ठोका. दगड तिच्यात रुततो. आणि मोकळ्या मैदानात पूर्ण स्टिअरिंग फिरवून दोन्ही बाजूंना वळवून बघा, फळी कॅम्परला लागता कामा नये. घाटातल्या वळणावर ते कळून उपयोग नाही.

बार्देशकर
देव बरे करू! चटईची कल्पना फार आवडली. पण गाडी उलटी चढवली, डिकी पुढे केली, तर एवढं काही करायलाच नको ना?

टिपरवाला, सावर्डे
नको, नको. पद्मिनीचं इंजिन पुढे. उलटी चढवलीत की जड बाजू ट्रेलरच्या शेपटीला जाते आणि हुकावरचा भार हलका होतो. असा ट्रेलर उतारावर डुलायला लागतो आणि एकदा डुलायला लागला की ड्रायव्हरच्या हातात फारसं राहत नाही. भार आसांच्या थोडा पुढेच हवा. नाक पुढेच ठेवा. रंग पुन्हा मारता येतो.

रानवाट
पेडण्याच्या ताईंचं वाचून माझा सल्ला मागे घेतो, रंग दुरुस्तीचा असेल तर पीपीएफ नकोच. त्याऐवजी बॉनेटच्या पुढच्या कडेला रुंद, कमी चिकट मास्किंग टेप लावा आणि पोचल्याबरोबर काढा. उन्हात दोन-तीन दिवस राहिली तर गोंद रंगात बसतो.

काचेचंही बघा. कोपऱ्यात बारीक अक्षरात लॅमिनेटेड आहे की टफन्ड ते छापलेलं असतं. लॅमिनेटेड काच तडकली तरी मधल्या थराला धरून राहते. जुन्या गाड्यांत टफन्ड सापडते, तिचा एका दगडात चुरा होतो. टफन्ड असेल तर बाहेरून फोमची शीट लावा. गोल हेडलाइटच्या काचांनाही फोमच्या चकत्या, मूळ काचा आता शोधून मिळत नाहीत.

रस्ता: बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा, संकेश्वर आणि मग हायवे. कागल ते सातारा रुंदीकरणाच्या कामाची खडी सुटी पडलेली असते, तिथे साठच्या वर जाऊ नका. दगडाचा मार वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीचे साठ केलेत तर तो जवळपास ४४ टक्क्यांनी उतरतो. पुढे डंपर दिसला की शंभर मीटर मागे राहा.

पेडण्याची सून
आणि टवका पडलाच तर त्याच दिवशी त्यावर रंगाचा थेंब लावा. बाटली आणि बारीक ब्रश सोबतच ठेवा. पुण्याहून परत येऊन बघू म्हटलंत तर तोवर आपला पाऊस सुरू होईल.

बार्देशकर
मंडळी, काल रात्री पोचलो. पट्टा कुडचड्याला एका भंगारवाल्याकडे मिळाला, एकट्याला उचलवेना इतका जड. फळी मैदानात वळवून बघितली तेव्हा डाव्या बाजूला कॅम्परच्या शिडीला लागत होती, चार इंच कापली. निघताना जोड चाकांतून दोन दगड काढले, आजऱ्याला थांबलो तेव्हा आणखी एक.

आज सकाळी अंगणात काथ्याची चटई उलटी करून झटकली. सदतीस खडे पडले, काही सुपारीएवढे. भाचीने ते डब्यात भरून ठेवलेत. बॉनेट स्वच्छ, हेडलाइट शाबूत. डाव्या फेंडरच्या खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा एकच टवका, फळी कापली त्या बाजूलाच. त्यावर रंग लावून झाला, आता सुकतोय.

परतीच्या वाटेवर त्या चार इंचांच्या जागी रबराचा तुकडा लोंबता लावणार आहे, शिडीला लागला तरी वाकेल. टिपरवालेदादा, तो पट्ट्याचाच लावू की साधं रबर चालेल?

टिपरवाला, सावर्डे
पट्ट्याचाच लावा. उरलेला तुकडा टाकला नाही ना?