नवरा चांगला आहे, पण...

नगरकरीण: लग्नाला 14 वर्षं झाली. नवरा निर्व्यसनी, पगार हातात आणून देतो. पण बोलणं म्हणजे 'गॅस बुक केला का?' एवढंच. पहाटे चहा ठेवून बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडते, तेव्हाच कुणीतरी माझं ऐकतंय असं वाटतं. ही पळवाट तर नाही ना?

वसईची मावशी: बाय, बायबलमधल्या उत्पत्तीचा 29वा अध्याय वाच. लेआ ही याकोबाची नावडती बायको. पहिल्या आणि तिसऱ्या मुलाच्या वेळी तिला आशा, आता तरी याकोब माझा होईल. चौथ्याचं नाव यहूदा ठेवलं, तेव्हा म्हणाली, आता परमेश्वराचं स्तवन करीन. नवऱ्याचा उल्लेखच नाही! मी हे वाचून इतकी रडले की भाजी करपली.

मिरजकर: मीही असाच मुका नवरा. बायको सगळं देवाला सांगायची, मला काहीच नाही. एकदा म्हणाली, "त्याला सांगून झालं, आता तुम्ही ऐका." तेव्हापासून जेवणानंतर गच्चीवर चकरा मारतो. हात वगैरे धरत नाही अजून.

नगरकरीण: काल धीर करून बोलले. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "रविवारी उपासना सुटल्यावर भेळ खाऊ."