मदत हवी आहे: टेबल सॉ सुरू करताच एमसीबी पडतो (फोंडा)

घरामागच्या १० बाय १२ फुटांच्या चिऱ्याच्या खोलीत सुतारकामाची मशिनं मांडली आहेत. १० इंची टेबल सॉ (टेबलातून वर आलेली गोल करवत), २ एचपी सिंगल फेज इंडक्शन मोटर. भुसा ओढायला १ एचपीचा डस्ट कलेक्टर. दोन्ही एकाच लायनीवर: २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, मीटरपासून १८ मीटर, बी कर्व्हचा १६ अँपिअर एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच).

कलेक्टर चालू असताना सॉ लावली की एमसीबी लगेच पडतो. सॉ एकटी बहुधा चालते. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते आणि बी कर्व्हचा एमसीबी स्वतःच्या रेटिंगच्या तीन ते पाच पटीला लगेच पडतो, हे कळतं. पण नुसता सी कर्व्हचा (सुरुवातीचा झटका जास्त सोसणारा) एमसीबी बसवावा, की सॉसाठी ४ चौरस मिमीची वेगळी लाईन ओढावी? दोन्ही मिळून चालताना १५ अँपिअर जातात, म्हणून मन वेगळ्या लायनीकडे झुकतंय. ३२ अँपिअरचा एमसीबी लावा, हा सल्ला कृपया नको, वायर जळेल.

दुसरं, पावसात सॉच्या बिडाच्या टेबलावर एका रात्रीत तांबूस ठिपके येतात. वर मंगळुरी कौलं, फटी भरपूर, म्हणजे डीह्युमिडिफायर फुकट. मेण किती दिवसांनी चोळता? फणसाच्या फळ्या तिथेच रचल्या तर चालतील?