'लेडी बी गुड'चा सहवैमानिक रॉबर्ट टोनर: त्याला वीर म्हणावे का?

मूळ मांडणी

दुसऱ्या महायुद्धात ४ एप्रिल १९४३ रोजी लिबियातल्या सुलूक तळावरून नेपल्सवर बॉम्बफेक करण्यासाठी निघालेले 'लेडी बी गुड' हे अमेरिकी बी-२४ बॉम्बफेकी विमान रात्री परतताना तळ ओलांडून वाळवंटात सुमारे ७०० किलोमीटर आत गेले, आणि इंधन संपत आल्यावर नऊही जणांनी अंधारात पॅराशूटने उड्या घेतल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ ॲटलबरोचा रॉबर्ट टोनर हा त्यातला सहवैमानिक. त्याने १२ एप्रिलपर्यंत खिशातल्या डायरीत रोज दोन-चार ओळी लिहिल्या. ही डायरी १९६० मध्ये त्याच्या देहाबरोबर मिळाली, आणि तेव्हापासून तिच्याकडे वीरगाथा म्हणूनच पाहिले जाते.

माझा त्याला आक्षेप आहे. या चमूची ती पहिलीच मोहीम होती. त्यांनी बेनगाझीजवळच्या बेनिना येथील, रेडिओवरून दिशा सांगणाऱ्या स्थानकाकडे दिशा विचारली, तेव्हा ३३० अंश, म्हणजे साधारण वायव्य, असे उत्तर आले. त्या काळच्या वळेदार अँटेनावर विमान कोणत्या रेषेवर आहे एवढेच कळत असे. ते स्थानकाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे कळत नसे. विमान पलीकडे गेलेले होते, आणि वैमानिक हॅटन मात्र आपण अजून समुद्रावरच आहोत असे समजून पुढे जात राहिला, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. नवख्या मुलांना अशा साधनांच्या भरवशावर रात्रीच्या मोहिमेवर धाडायचे आणि ती मेली की वीर म्हणायचे, यात पाठवणाऱ्यांची जबाबदारी अलगद पुसली जाते.

प्रतिसाद १

जबाबदारीबद्दल आपण लिहिले आहे ते मला मान्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. विमान कसे भरकटले याचा टोनरच्या वीरत्वाशी संबंधच नाही. ते वीरत्व उडी मारल्यानंतरच्या दिवसांत आहे. नवांपैकी एकत्र जमलेली आठ माणसे आणि अर्धी बाटली पाणी, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर. प्रत्येकाला दिवसाला बुचभर. रात्री पंधरा मिनिटे चालायचे, पाच मिनिटे थांबायचे. एवढ्या पाण्यावर ही माणसे सुमारे १३० किलोमीटर चालली.

डायरी एकदा या नजरेने वाचून पाहावी. पहिल्याच नोंदीत जॉन सापडत नसल्याचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्या दिवशीही जॉन नाहीच. हा जॉन म्हणजे बॉम्बफेक्या वोराव्का. त्याचे पॅराशूट नीट उघडलेच नव्हते, हे बाकीच्यांना शेवटपर्यंत कळले नाही. पुढे टोनर रेडिओचालक ला मॉटची दृष्टी गेल्याचे लिहितो, सॅम आणि मूर हे सोबती आता संपले असे वाटल्याचे लिहितो. स्वतःविषयी वेगळे असे तो जवळजवळ काहीच लिहीत नाही. वेदना, अशक्तपणा, मरणाची इच्छा, सगळे 'आम्ही सगळे' म्हणून येते. आणि हॅटनला किंवा नेव्हिगेटर हेजला दोष देणारा एक शब्दही त्या पानांत नाही, जरी ते दोघे शेवटपर्यंत त्याच्या शेजारीच होते आणि पाचांचे देह एकाच ठिकाणी मिळाले. तहानेने जीभ सुजलेली असताना ज्याला सोबत्यावर राग काढावासा वाटत नाही, त्याला मी तरी दुसरे नाव देऊ शकत नाही.

प्रतिसाद २

मी काही वर्षे वाळवंटातल्या तेलक्षेत्रात नोकरी केली आहे, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो. आमच्याकडे पहिला नियम असा शिकवत की गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. हे लोक वायव्येला चालू लागले, आणि रिकामे विमान त्यांच्यापासून दक्षिणेला अवघ्या २५ किलोमीटरवर वाळूत बसलेले होते. त्यात पाणी होते, अन्न होते आणि रेडिओ सोळा वर्षांनंतरही चालू स्थितीत मिळाला. वायव्येकडे मात्र कलान्शोचा वाळूचा समुद्र पसरलेला होता. टेकडीच्या माथ्यावर पोहोचावे आणि पुढे तशीच टेकडी दिसावी, असे तासन्‌तास होते. पाऊल घोट्यापर्यंत रुतते आणि भरल्या पोटी, पाण्याची कॅन सोबत असतानाही अर्ध्या तासात माणूस बसकण मारतो. निर्णय चुकला हे स्पष्ट म्हणायला हवे. वीर म्हटले की असे म्हणणे अपमानकारक ठरते, म्हणून मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.

प्रतिसाद १

गाडी बंद पडते तेव्हा ती डोळ्यांसमोर असते. यांचे विमान अंधारात त्यांना सोडून पुढे उडून गेले होते. ते कुठे आणि कोणत्या अवस्थेत उतरले हे कळायला काही मार्ग नव्हता. आपण किनाऱ्यापासून फार दूर नाही अशी त्यांची समजूत होती, आणि त्या समजुतीप्रमाणे वायव्य दिशाच बरोबर होती. वाटेत त्यांनी पॅराशूटचे कापड कापून, वर दगड ठेवून बाणासारख्या खुणा केल्या, त्या शोधायला येणाऱ्यांसाठीच.

धागाकर्ता

त्या खुणांपाशीच माझा मुद्दा येतो. शोध घेतला गेला तो समुद्रावर, कारण विमान भूमध्य समुद्रात पडले असे गृहीत धरले होते. वाळवंटाच्या बाजूला कोणी पाहिलेच नाही. टोनर रविवारी, ११ तारखेला, मदत लवकरच येईल अशी आशा असल्याचे लिहितो, आणि त्याच दिवशी, पाणी असते तर आपण निभावलो असतो, असेही लिहितो.

तरी डायरीत दोषारोप नाही, हे मी आजवर लक्षात घेतले नव्हते. दोष देण्याचे काम त्याने केले नाही म्हणून ते आपणही करू नये, हे मात्र मला पटत नाही. चमूतले शेली, रिपस्लिंगर आणि मूर हे तिघे मदत आणायला पुढे निघाले; पहिल्या दोघांचे देह आणखी तीस किलोमीटरहून अधिक अंतरावर मिळाले, मूरचा शोध अधिकृतरीत्या आजही लागलेला नाही. टोनरला वीर म्हणणाऱ्यांनी आपल्या लेखात बेनिनाचे ते ३३० अंशही लिहावेत, एवढीच माझी मागणी राहते.

प्रतिसाद १

ते लिहायला माझी हरकत नाही. मात्र त्याच्याच खाली त्याची शेवटची नोंदही असू द्यावी: अजून मदत नाही, रात्र फार थंड.