सायकल डब्यात, आपण खिडकीत : फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतले अनुभव

मी नांतला राहते. सुट्टी मिळाली की सायकल घेऊन स्टेशन गाठते, टीईआर, म्हणजे इथली प्रांतिक पॅसेंजर पकडते, तासाभरावर कुठेतरी उतरते आणि ल्वार नदीच्या काठाने जमेल तेवढी सायकल चालवते. जिथे दमेन तिथलं स्टेशन आपलं. आपल्याकडे रेल्वेने सायकल न्यायची म्हणजे पार्सल ऑफिस आणि पावत्या. इथे सायकल स्वतःच डब्यात चढवायची, हुकाला टांगायची आणि शेजारी बसायचं. बहुतेक टीईआरमध्ये तिचे वेगळे पैसेही पडत नाहीत. टीजीव्हीत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत, मात्र सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते, आणि काही गाड्यांत ती नसतेच.

ल्वारकाठचा सायकलमार्ग सुमारे 900 किमीचा आहे. तो सगळा एका दमात करणारे पुष्कळ आहेत. मी तुकड्यातुकड्याने करते, आणि मला तेच जास्त आवडतं. सोम्यूरजवळचा तुकडा तीनदा केला. तिथला पांढरा, मऊ दगड शतकानुशतकं खणून वाडे आणि चर्च बांधली गेली. दगड काढून उरलेल्या गुहांत आता वाइन मुरते आणि अळंबी पिकतात. भर उन्हात अशा गुहेच्या तोंडाशी सायकल लावून आत पाऊल टाकलं की अंगावर काटा येतो, इतका गारवा.

तुम्ही असं फिरला असाल तर लिहा. कुठे उतरलात, कुठे अडलात, काय खाल्लंत, सगळं.

*

आम्ही तिघं, मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक, ल्वारकाठच्या ब्ल्वाला उतरलो. पहिल्या दिवशी शांबोर. जंगलाभोवती 32 किमीची भिंत आहे, तिच्या आत शिरल्यावर बराच वेळ नुसती झाडंच दिसतात आणि मग एकदम तो महाल समोर येतो. दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेले आहेत. लेक एकाने चढली, मी दुसऱ्याने. मधल्या झरोक्यांतून एकमेकींना हात केले, पण वरपर्यंत गाठ पडली नाही.

दुसऱ्या दिवशी आंब्वाझला पोचायचं होतं. शोमोंपर्यंत आलो आणि लेकीने सायकल आडवी टाकली. रडत नव्हती, पण पाय उचलेना. समोर नदीवर पूल होता आणि पलीकडे ओंझँचं छोटं स्टेशन. पूल ओलांडून गाडीत बसलो आणि थोड्याच वेळात आंब्वाझला उतरलो. तिला आपण हरलो असं वाटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तीच आधी तयार होती.

मुलांना नेणाऱ्यांसाठी : 12 वर्षांखालच्यांना फ्रान्समध्ये हेल्मेट सक्तीचं आहे.

*

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. मुलगी तुलूझला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा कनाल द्यु मिदी हा जुना कालवा बघायचाच असं ठरवलं होतं. जावयांनी बॅटरीची सायकल भाड्याने आणून दिली. तुलूझच्या मोठ्या स्टेशनासमोरूनच कालवा वाहतो. काठाने डांबरी वाट, चढ जवळपास नाहीच. साधारण 50 किमीवर नोरुझ लागतं. हा कालव्याचा माथा, समुद्रसपाटीपासून 189 मीटर.

कालवा खणणं हे निम्मं काम. खरी अडचण माथ्यावर पाणी आणण्याची. बोट एका पातळीवरून दुसरीवर चढो वा उतरो, दर वेळी दरवाजातून पाणी खाली जातं आणि तेवढंच पाणी वरून पुरवावं लागतं. कालवा बांधणारे पिएर-पॉल रिके यांनी मोंतान्य न्वारच्या डोंगरातले ओढे पाटाने वळवून नोरुझला आणले. बांधकाम 1666 ते 1681. कालवा सुरू होण्याच्या आदल्या वर्षी ते वारले. जिथे तो पाट येऊन मिळतो तिथे मी अर्धा तास उभा राहिलो. एका बाजूचं पाणी अटलांटिककडे उतरतं, दुसऱ्या बाजूचं भूमध्य समुद्राकडे. आयुष्यभर पाळीच्या पाण्याची भांडणं सोडवली. ते पाणी असं शांतपणे वाटलं जाताना बघून डोळे भरून आले.

पुढे वाट कच्ची होते. मुळं वर आलेली, खड्डे. कास्तेलनोदारीहून गाडीने परत आलो. दुसऱ्या दिवशी रेल्वेनेच कार्कासोनला गेलो, तर त्या बाजूला काठ उघडे पडलेले. कालव्यावर चिनाराच्या जातीची सुमारे 42,000 झाडं होती. 2006 मध्ये बुरशीचा रोग सापडला आणि तोडण्यावाचून इलाज उरला नाही. आता वेगवेगळ्या जातींची रोपं लावताहेत. सावली यायला एक पिढी जाईल.

*

काका, तुमचा अनुभव दोनदा वाचला. त्याच कालव्यावर उन्हाळ्यात माझं पाणी संपलं होतं. दुपारी गावात चिटपाखरू नाही, दुकानं बंद. एका आजींनी दफनभूमीकडे बोट दाखवलं. फुलांना घालायला तिथे नळ असतो. ‘नों पोताब्ल’ (पिण्याजोगं नाही) अशी पाटी नाही ना, एवढं बघायचं. तेव्हापासून गावात शिरताना मी आधी दफनभूमीच शोधते.

*

माझा अनुभव जरा वेगळा. 2023 ला मी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या ठरावीक वेळेत पुरी करायच्या सायकल मोहिमेला गेलो होतो. सुमारे 1,200 किमी, 90 तास. महाराष्ट्रातून बरेच जण होते. वाटेतल्या गावांत रात्री दोन वाजता लोक घरासमोर टेबल मांडून कॉफी, पाणी, केक देत होते आणि पैसे घेत नव्हते. वारीच्या वाटेवरची गावं आठवली. व्हिलेन-ला-ज्युएलला तर लहान मुलं आमचे ट्रे उचलून टेबलापर्यंत आणून देतात.

ब्रेस्टच्या अलीकडच्या कारे गावापासून उजवा गुडघा धरला. ब्रेस्टला पोचलो, पण परत चालवणं शक्य नव्हतं. टीजीव्हीत सायकलची जागा शिल्लक नव्हती. म्हणून टप्प्याटप्प्याने : ब्रेस्ट ते रेन, रेन ते लावाल, ल मां, शार्त्र आणि मग जिथून निघालो होतो ते रांबुये. अख्खा दिवस गेला. एका गाडीत सगळे हुक भरलेले, ती सोडावी लागली. पुढच्या गाडीत एका बाईंनी सायकलवरचा नंबर ओळखला. काही न विचारता पिशवीतला अर्धा ब्रेड आणि चीज माझ्यापुढे धरलं. खिडकीबाहेर कधी कधी रस्ता दिसायचा आणि त्यावर आमच्यातले परतणारे दिवे. वाईट वाटत होतं, खूपच. पण जो ब्रिटनी प्रांत रात्री दिव्याच्या उजेडापुरता पाहिला होता, तो गाडीतून दिवसाउजेडी पाहिला.

2027 ला परत जाणार आहे.

*

शाकाहारी मंडळींसाठी : ब्रिटनीत बकव्हीटचा (कुट्टूच्या पिठाचा) गालेत मागा, अंडं-चीजचा किंवा नुसत्या लोण्याचा. आपल्या घावनाचा भाऊच. ल्वारकाठी सँत-मोरचं बकरीचं चीज मिळतं, लांबट, मधोमध गवताची काडी असलेलं. जेवण दुपारी 12 ते 2 मध्येच उरका. रविवार दुपार आणि सोमवार यांसाठी ब्रेड आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

*

बर्गंडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडंसं. तिथे जिव्री ते क्ल्युनी ही वाट जुन्या रेल्वेमार्गावरच आहे, 1997 पासूनची. रूळ काढले, स्टेशनं राहिली. आगगाडीसाठी आखलेली वाट, त्यामुळे चढ कुठेही अंगावर येत नाही. मी शालोंला गाडीतून उतरलो, रात्री क्ल्युनीला राहिलो. एके काळी ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च इथे होतं, आता त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उभा आहे.

माकोंकडे जाताना ब्वा क्लेरचा बोगदा लागतो, सुमारे 1.6 किमीचा. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात. त्या दिवसांत जाणार असाल तर खिंड चढायची तयारी ठेवा.