सर कसं शिकवायचे, ते इथे लिहा (अनुभव धागा)

धागाकर्ता
सर गेले, शोकसभा झाली. 'शिस्तप्रिय', 'हाडाचे शिक्षक' वगैरे बोलून झालं. पण गणिताच्या तासाला, खो-खोच्या मैदानावर आणि घरी सर नेमकं काय करायचे, ते कुणी सांगितलं नाही. ते इथे उतरवू या. आठवणींपेक्षा मापं आणि प्रमाणं लिहा. शाळेवर नवे क्रीडाशिक्षक आलेत, त्यांना कामाला येतील.

काळीमाती
आधी मैदान. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, चैत्रात भेगाळते. सरांनी वरची अर्धा फूट माती काढून टाकली. दोन-दोन इंचांच्या दोन थरांत मुरूम दाबला आणि त्यावर दोन इंच चाळलेली माती घातली. पाणी मारल्याबरोबर रोलर फिरवायचा नाही, पोपडे निघतात. मूठ वळते पण तळहाताला चिकटत नाही, इतपत ओल राहिली की रोलर. वरची माती उडून मुरूम उघडा पडला की गुडघे सोलतात. मातीचा थर जाड झाला की पाय घसरतो.

मैदानाच्या दोन टोकांना असतात त्या खांबांचा खड्डा दोन फूट. त्यात काळी माती परत भरायची नाही. विटांचे तुकडे आणि मुरूम पहारीने ठासायचा. नाहीतर मे महिन्यात खांबाभोवती बोटभर फट पडते, खांब डुगडुगतो आणि खांबावर गडी टिपणाऱ्याचा खांदा जातो. जमिनीवर उंची १२० ते १२५ सेंमी, व्यास ९ ते १० सेंमी. खांबावरून हात फिरवून कूस लागते का, हे सर रोज स्वतः बघत.

पायथागोरस_नववी_ब
आखणी नववीच्या पोरांकडे, आणि तोच भूमितीचा तास. मैदान २७ बाय १६ मीटर. कोपऱ्यात ३-४-५ ने काटकोन घ्यायचा, मग दोन्ही कर्ण मोजायचे. प्रत्येक कर्ण ३१ मीटर ३८ सेंमी आला तरच फक्की, म्हणजे रेषा आखायची पूड, हातात मिळायची.

पाट्यांचा, म्हणजे गडी बसतात त्या आडव्या पट्ट्यांचा, हिशेब फळ्यावर आधी: खांबापासून पहिली पाटी २.५५ मीटर, दोन्हीकडे मिळून ५.१०. आठ आडव्या पाट्या ३५ सेंमीच्या, २.८०. मधली सात अंतरं २.३० ची, १६.१०. एकूण २४, म्हणजे खांब ते खांब. पोरं हमखास २.३० हे पाटीच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरतात. मग दुसऱ्या खांबापाशी २.४५ मीटर जागा जास्तीची उरते. सर ती चूक मुद्दाम शेवटपर्यंत होऊ देत आणि 'आता हे अडीच मीटर कुठून आले?' एवढंच विचारत.

कापडी टेप ताणला जातो, म्हणून स्टीलचा. कळीचा चुना अजिबात नाही. गडी टिपायला झेपावून सूर मारताना डोळ्यात गेला तर भाजतो. रांगोळीची पूड वापरायची.

आडवी_पाटी
बैठक हा सरांचा खरा विषय. दोन्ही टाचा टेकवून बसलेला गडी खो मिळाल्यावर आधी उभा राहतो, मग पळतो. तेवढ्यात संरक्षक, म्हणजे ज्याला टिपायचं तो, दोन पाट्या पुढे. म्हणून एक पाय पुढे, मागची टाच उचललेली, वजन पुढच्या चवड्यावर, हात जमिनीला हलके. सर मागून पाठीला बोट लावून बघत. गडी मागे कलला की बैठक पुन्हा.

दुसरी चूक खो देण्याची. घाईत पोरं आधी ओरडतात, मग हात लावतात. हात लागायच्या आतच बसलेला उठून जातो आणि फाऊल. त्यावर सर अहिराणीतच गरजायचे, "हात आनि खो, दोन्ही संगे, भो!" सराव म्हणजे आठ जण बसलेले, नववा पळणारा, समोर संरक्षक कुणीच नाही, नुसती खो ची साखळी, एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत आणि परत. कंटाळवाणं असतं खरं, पण सामन्यातले निम्मे फाऊल त्यानेच कमी होतात.

धुळ्याहून
समोरच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून एक मतभेद नोंदवतो. सर सूर फार उशिरा शिकवत, नववीनंतर. त्यामुळे त्यांचा चौदा वर्षांखालचा संघ जिल्ह्याला गडी टिपण्यात मागे पडायचा. मात्र सतरा वर्षांखाली त्यांच्याच पोरांचे खांदे धड असायचे, हेही खरं.

जुनापंच
जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि प्रतीक वाईकर, प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ती स्पर्धा मॅटवर होती. मातीवर पाय थोडा सरकवून वळायची सवय असते, मॅटवर तो जागीच अडकतो आणि घोटा मुरगळतो. मॅटवर स्पर्धा असली की सर आधी आठवडाभर छोट्या पावलांनी वळण्याचा सराव घेत.

पाणीवाला
उन्हाळी सराव सकाळी सहा ते साडेसात. पारा ४४ च्या पुढे गेला की संध्याकाळचा बंदच. माठात लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच आणि सपाट भरलेला. अंदाजाने मूठभर मीठ टाकायला कुणालाही परवानगी नव्हती. खारट पाण्याने उलटी होते. सराव संपला की एकेक केळ, रावेर-यावलच्या मुलखात त्याला काय तोटा! कापूस वेचणीमुळे मुली सरावाला येईनात, तेव्हा सर वेळ बदलत, नाव कापत नसत.

सूनबाई
रविवारी मैदान बंद आणि स्वयंपाकघर नानांचं, सरांना घरी आम्ही नानाच म्हणायचो. वरण-बट्टी. एक किलो जाडसर गव्हाच्या पिठाला पाव किलो मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, वाटीभर तेलाचं मोहन. पीठ घट्ट भिजवायचं, वळे करून वाफवायचे, पूर्ण गार झाले की कापून तळायचे. गरम कापले तर भुगा होतो. पोरांनी घाई केली की नाना घड्याळ लावून बसवायचे. सासूबाईंनी त्या दिवशी ओट्याजवळ फिरकायचं नाही, असा दंडक होता. त्या फिरकायच्याच, मीठ बघायला.

धागाकर्ता
नव्या सरांसाठी एक राहिलं: खेळाडूंची कागदपत्रं जूनमध्येच. जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेश-नोंदवहीचा) उतारा आणि आधार यांतली जन्मतारीख जुळवून घ्या. तालुक्याला निभावतं, नाशिक विभागाला हरकत आली की जिंकलेला संघ घरी येतो. सरांच्या हातची वही ऑफिसच्या कपाटात आहे, शिपाईमामांकडे मागा.