मदत हवी आहे: पावसाळ्यानंतर पीसी नुसता बीप देतोय, रॅमचा एक स्लॉट मेला का?

मंडळी, मुक्काम देवगड. घर समुद्राला लागूनच, त्यामुळे पावसात लोखंडाचं काय होतं ते इथल्यांना सांगायला नको. जुना असेंबल केलेला डेस्कटॉप आहे: एच६१ मदरबोर्ड, आय३ प्रोसेसर, डीडीआर३ रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या. बाबा आंब्याच्या पेट्यांचा हिशोब त्यावरच ठेवतात, म्हणून टाकवत नाही.

पावसाळाभर प्लग काढून ठेवला होता. गणपतीत लावला तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी, आणि लांब बीप परत परत. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घासून पुसले, तेव्हा एका स्लॉटमध्ये चालू झाला. तारीख मात्र कैक वर्षं मागे, त्यामुळे बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडेना. बोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदलल्यावर ते सुटलं. (प्लग काढला की बोर्डचं घड्याळ फक्त त्या सेलवर चालतं, म्हणून तो संपला असावा.)

आता दुसऱ्या स्लॉटमध्ये कुठलीही पट्टी घातली की पुन्हा बीप. टॉर्च मारला तर आत हिरवट दिसतंय. तिथे खोडरबर जात नाही. सॅनिटायझर चालेल का?

—

सॅनिटायझर नको हां गाववाल्यांनू! त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, ते चिकटून बसतं आणि वर धूळ धरतं. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लागेल, ९९ टक्केवालं. कुठल्याही मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे असतं, बाटलीच्या झाकणभर मागून आणा. कणकवलीला जायची गरज नाही.

प्लग काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा. मऊ टूथब्रश आयपीएत बुडवून स्लॉटच्या लांबीच्या दिशेने फिरवा, मग पट्टी घालून-काढून घासा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर अजिबात नको, सोन्याचा थर फार पातळ असतो. तो गेला की खालचा धातू खाऱ्या हवेत उघडा.

—

एक शक्यता राहिली. प्रोसेसरच्या या पिढीत मेमरी कंट्रोलर (रॅम सांभाळणारा भाग) प्रोसेसरच्या आतच असतो, बोर्डवर नाही. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटची एखादी पिन वाकली किंवा गंजली तरी नेमका एकच स्लॉट मेल्यासारखा वागतो. पण हे शेवटी बघा. प्रोसेसर उचलला तर परत बसवताना नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या कूलरकडे नेणारा लेप) लागेल, आणि सॉकेटच्या पिनांना बोट लावायचं नाही.

मुळात पावसात मशीन बंद ठेवणंच चूक, असं माझं मत. अधूनमधून तासभर चालवा, उबेने दमटपणा निघून जातो. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतली ओल आतच राहते.

—

तासभर चालवा हे ठीक, पण गडगडायला लागलं की प्लग आणि ब्रॉडबँडची तार दोन्ही काढा. नुसता प्लग काढून भागत नाही, वीज तारेतूनही येते.

—

(धागाकर्ता) आयपीएने काम झालं, दोन्ही पट्ट्या मिळून ८ जीबी दिसतायत. प्रोसेसरला हात लावला नाही. आता पुढचे यूएसबी पोर्ट गंजलेत. तेही ब्रशने सुटतील का?

—

पत्राच खाल्ला असेल तर नाही सुटणार. मागचे वापरा. पुढच्या पोर्टची वायर बोर्डवरून काढून ठेवा, गंजून आत शॉर्ट झाला तर कदाचित पीसी सुरूच होणार नाही.