मदत हवी आहे: चालत्या नॅरोगेज मॉडेलच्या फोटोत इंजिन हलतं, पट्टे येतात

रूळवाला_वऱ्हाड:
मंडळी, शकुंतला या नॅरोगेज रेल्वेच्या मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावर बेतलेला लेआउट (रूळ आणि देखाव्याचं मॉडेल) आहे, प्रमाण १:८७. मूळ गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६२ मिमी, म्हणून रूळ ९ मिमीचा. फोटो गाडी चालू असतानाच हवेत. एफ/११ ठेवलं (लेन्सचं छिद्र लहान) की शटर हळू होतं आणि इंजिन हललेलं येतं, एफ/४ केलं (छिद्र मोठं) की मागचे डबे धूसर. शटर १/२५० केलं तर आडवे पट्टे पडतात. खोलीत एक ट्यूब, दोन एलईडी बल्ब. लाईन गेली की इन्व्हर्टर. कॅमेरा एपीएस-सी (मध्यम आकाराचा सेन्सर), लेन्स १८-५५ मिमी.

सांधा_बदल:
भाऊ, आधी गाडीचा वेग मोजा. ताशी २० किमी म्हणजे १:८७ मध्ये सेकंदाला ६.४ सेंमी, एक मीटर रूळ कापायला जवळजवळ १६ सेकंद लागले पाहिजेत. याहून फार जोरात पळाली तर फोटो सोडा, नजरेलाही ते खेळणंच वाटतं. या वेगात १/३० ला इंजिन २ मिमी सरकतं, १/१२५ ला अर्धा मिमी. समोरून तिरपा कोन धरा, तोच अर्धा मिमी आणखी कमी दिसतो.

पट्टे विजेचे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. अशा उजेडात शटर १/५० किंवा १/१०० च ठेवा, आणि सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा. इन्व्हर्टरवरही हेच होतं.

खरा उपाय बॅटरी. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घ्या, तिच्यावर १२ व्होल्टची ४ मीटर एलईडी पट्टी थेट जोडा, मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज. डिमर लावू नका, तो उजेड चालू-बंद करूनच कमी करतो आणि पट्टे परत येतात. पट्टी एकाच बाजूला, समोर पांढरा थर्माकोल. दोन्हीकडून उजेड दिला की सावल्या दोन पडतात, आणि सूर्य तर एकच असतो.

रूळवाला_वऱ्हाड:
एवढ्या उजेडात एफ/११ जमेल?

सांधा_बदल:
नाही, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) फार चढवावा लागेल. लेआउटचा तुकडा सुटा होत असेल तर सकाळी आठ-नऊला अंगणात न्या. स्वच्छ उन्हात एफ/११, १/२५०, आयएसओ २०० च्या आसपास बसतं. दुपारी मात्र नको; विदर्भाच्या उन्हात प्लास्टिकचे डबे वाकतात. ऑटोफोकस बंद करा. जिथे इंजिन हवं तिथे स्लीपरवर काडी ठेवून फोकस बांधा, काडी काढा, गाडी तिथे पोचायच्या जरा आधी बर्स्ट (सलग भराभर फोटो) सोडा. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, सगळं चित्रच मऊ पडतं.

नऊ_मिमी:
खोलीतच घ्यायचं असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बांधा. गाडीचा फोटो १/१०० ला घ्या. मग गाडी काढून, कॅमेरा न हलवता, जवळपासून लांबपर्यंत फोकस सरकवत देखाव्याचे ६-८ फोटो घ्या आणि संगणकावर जोडा. गाडीची सावली गाडीच्याच फोटोतून कापा, नाहीतर डबे तरंगतात.

मोबाइलही वापरून पाहा. सेन्सर लहान, त्यामुळे खोलवर स्पष्ट येतं. उलटा धरला तर लेन्स रुळाजवळ जाते. १:८७ मध्ये माणसाची नजर जमिनीपासून १९ मिमीवरच असते.

सांधा_बदल:
आणि कापसाचा हंगाम असेल तर फोटोआधी मऊ ब्रश फिरवाच. रुईचा एक तंतू फोटोत सुतळीएवढा दिसतो, आणि आसाला गुंडाळला की इंजिन नेमकं काडीच्या जागी अडखळतं. चिमट्याने ओढून काढा. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा.